बर्निनाचा घाट साध्या लाल गाडीने: झुरिकहून मिलानला, उतरत-चढत

युरोपच्या उन्हाळी सहलीत आल्प्स ओलांडायचे अनेक रस्ते आहेत. त्यांतला सर्वांत सुंदर रेल्वेमार्ग स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात आहे. कूरहून सेंट मॉरिट्झ, तिथून बर्निना खिंड ओलांडून खाली इटलीतल्या तिरानोला. राएटियन रेल्वेच्या या मार्गातला आल्बुला घाट १९०३-०४ साली सुरू झाला, बर्निना घाट १९१० साली पूर्ण झाला, आणि २००८ मध्ये दोन्ही मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

बहुतेक लोक या मार्गासाठी 'बर्निना एक्स्प्रेस' ही मोठ्या काचांची पर्यटक गाडी शोधतात. तिला आरक्षण सक्तीचे आहे, त्याचे वेगळे पैसे पडतात, उन्हाळ्यात जागा लवकर भरतात, आणि डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. त्याच रुळांवरून, त्याच कमानींवरून दर तासाला साधी लाल गाडीही धावते. तिला आरक्षण लागत नाही, जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली सरकवता येतात, आणि वाटेत कुठेही उतरून पुढच्या गाडीने जाता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने साधीच गाडी धरावी. पुढची सगळी माहिती तिच्याचसाठी आहे.

केव्हा जायचे

आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि इथेच पहिली चूक होते. मे महिन्यात खिंडीवर अजून बर्फ असतो, वरचे तळे बऱ्याचदा गोठलेले किंवा अर्धवट वितळलेले असते, पायवाटा ओल्या आणि काही ठिकाणी बंद असतात. फक्त गाडीतून पाहायचे असेल तर मेमधला बर्फही छान दिसतो. चालायचे असेल तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतचा काळ निवडा. शाळकरी मुले बरोबर असतील तर जूनचा दुसरा आठवडा हा मधला मार्ग आहे, फक्त वाटांची स्थिती आदल्या दिवशी विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टचा एक फायदा असा, की हवा चांगली असेल तेव्हा बर्निना मार्गावरच्या काही गाड्यांना छप्पर नसलेले पिवळे डबे जोडतात. जो आधी येईल त्याला जागा. वारा बोचरा असतो, कानटोपी हवीच.

व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे स्वित्झर्लंड आणि इटली दोन्हींना मिळून एकच शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज कुठे करायचा याचा नियम साधा आहे: ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. स्वित्झर्लंडमध्ये तीन रात्री आणि इटलीत पाच रात्री असतील तर अर्ज इटलीकडे, विमान झुरिकला उतरत असले तरी. दिवस समान असतील तरच पहिल्यांदा जिथे प्रवेश करणार तो देश. हा नियम न पाहता 'जिथे भेटीची वेळ लवकर मिळते' तिथे अर्ज करणे हे नकार मिळण्याचे नेहमीचे कारण आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसही. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा फार लवकर संपतात, म्हणून जूनचा प्रवास असेल तर फेब्रुवारीतच कागद तयार ठेवा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतील मुलांसाठी ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ आहे. अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला हवा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या प्रवेशाला रांगेत वेळ जातो. म्हणून ज्या दिवशी विमान उतरते त्याच दिवशी हा घाट ठेवू नका. एक रात्र झुरिक किंवा कूरला काढा.

तिकीट कोणते

चार पर्याय आहेत. कोणता घ्यायचा हे बाकीच्या सहलीवर ठरते.

स्वित्झर्लंडमध्ये तीन-चार दिवस सलग फिरणार असाल तर 'स्विस ट्रॅव्हल पास' सोयीचा. तो तिरानोपर्यंत चालतो, म्हणजे सीमेपलीकडचे शेवटचे स्थानकही त्यात येते. पाच-सहा देश रेल्वेने करणार असाल तर 'युरेल' पास घ्या. बर्निनाच्या साध्या गाडीत त्यावर एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही. 'इंटररेल' नावाचा पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, भारतातून जाणाऱ्यांनी तो घेऊ नये. मात्र जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तोच लागू पडतो. युरेलचा पास मोबाइलमध्ये असतो आणि गाडीत बसण्यापूर्वी तो प्रवास त्यात नोंदवावा लागतो. गाडी सुटल्यावर तपासनीस आला की घाईघाईने नोंदवणे म्हणजे विनातिकीट प्रवास धरला जातो.

स्वित्झर्लंडमध्ये हा एकच मोठा प्रवास असेल तर 'सेव्हर डे पास' पाहा. एका तारखेचा, दिवसभर देशभर चालणारा. जितका लवकर घ्याल तितका स्वस्त, विक्री सहा महिने आधी सुरू होते.

चौथा पर्याय साधे तिकीट. स्विस रेल्वेचे नेहमीचे एकेरी तिकीट त्या दिवसभर चालते आणि वाटेत कितीही वेळा उतरता येते. पण ॲपवर त्याच्या शेजारीच 'सुपरसेव्हर' नावाचे स्वस्त तिकीट दिसते आणि ते ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. ते घेतलेत तर मधे उतरून पुढची गाडी धरता येणार नाही. या मार्गाची सगळी गंमत उतरण्यात आहे, त्यामुळे चार पैसे वाचवायला हे तिकीट घेऊ नका.

तिरानो ते मिलान हा इटालियन तुकडा वेगळा. त्याचे तिकीट तिरानोतच यंत्रावर मिळते, आरक्षण नसते, भाडेही बेताचे.

बॅग, कपडे, फोन, डबा

साध्या गाडीत मोठ्या बॅगांना जागा कमी. चाकांच्या दोन अवाढव्य बॅगा घेऊन मधल्या स्थानकावर उतरणे आणि दगडी वाटेने चालणे जमत नाही. मोठे सामान असेल तर दोनच मार्ग आहेत: एक रात्र वर राहायचे आणि बॅग हॉटेलात ठेवून चालायचे, किंवा कुठेही न उतरता थेट जायचे. पाठीवरच्या ४० लिटरच्या पिशवीत सगळे बसवता आले तर उत्तमच.

कपडे थरांचे घ्या. खिंडीवरचे स्थानक २,२५३ मीटरवर आहे. जुलैच्या सकाळीही तिथे स्वेटर लागतो. त्याच दुपारी तिरानोला ४२९ मीटरवर तीस अंशांचे ऊन असते. वाऱ्यापावसाचे पातळ जॅकेट, काळा चष्मा, टोपी आणि तळव्याला पकड असलेले बूट पुरतात. चप्पल चालणार नाही.

फोनचे युरोपीय सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का, हे नीट वाचा. अनेक पॅक युरोपीय संघापुरतेच असतात आणि झुरिकला उतरताच इंटरनेट बंद पडते. चार्जरची बारीक, दोन गोल पिनांची पिन तिथे बसते. आपली जाड तीन पिनांची बसत नाही, आणि जर्मन धाटणीची जाड गोल पिनही स्विस सॉकेटमध्ये जात नाही. स्विस ॲडॉप्टर वेगळाच घ्या.

खाण्याचे म्हणाल तर चिवडा, भडंग, खाकरे खुशाल न्या. तूप, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांस नेऊ नका, बाहेरच्या देशांतून ते आणायला मनाई आहे. मे-जूनमध्ये नातेवाइकांसाठी हापूस न्यायचा मोह होतो, पण वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आंबा नेता येत नाही. विमानतळावर पेटी काढून घेतात. रविवारी स्विस दुकाने बहुतेक बंद असतात, स्थानकांतली मात्र उघडी असतात. सकाळी झुरिकच्या मुख्य स्थानकातच पाव, चीज, फळे घेऊन ठेवा. पाणी विकत घेऊ नका; गावातल्या कारंज्यांचे पाणी पिण्याचेच असते. 'काइन ट्रिंकवासर', म्हणजे 'पिण्याचे पाणी नाही', अशी पाटी असेल तेवढे टाळा.

झुरिक ते सेंट मॉरिट्झ

सकाळी सातच्या आसपास निघा. झुरिक ते कूर सव्वा तास. कूरला गाडी बदलायची: रुंद रुळांवरून एक मीटरच्या अरुंद रुळांवर. पुढे सेंट मॉरिट्झपर्यंत साधारण दोन तास. कूरहून निघताना उजवीकडची खिडकी धरा.

टिफेनकास्टेल सोडले की फिलिझूरच्या आधी लांडवासर पूल येतो. ६५ मीटर उंच, सहा कमानींचा, १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर बांधलेला, आणि पलीकडच्या टोकाला सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरणारा. हे सगळे मिनिटभरात संपते. कॅमेरा टिफेनकास्टेललाच हातात घ्या.

त्यानंतर बेर्ग्युन ते प्रेडा. दोन गावांच्या उंचीत ४१६ मीटरचा फरक आणि हवाई अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. एवढा चढ सरळ घेता येत नाही म्हणून अभियंत्यांनी रूळ डोंगराच्या आत-बाहेर गोल फिरवत बारा किलोमीटर लांबवले. एकच चर्च कधी डावीकडे, कधी उजवीकडे, दर वेळी आणखी खाली दिसते. इथे बाजू धरून बसण्यात अर्थ नाही. प्रेडानंतर आल्बुलाचा बोगदा. जुना १९०३ चा होता, जून २०२४ पासून गाड्या शेजारच्या नव्या, सुमारे ५.९ किलोमीटरच्या बोगद्यातून जातात. बाहेर पडलात की एन्गादीनचे खोरे. इथली भाषा रोमान्श; 'नमस्कार'ला 'आल्लेग्रा' म्हणतात.

सेंट मॉरिट्झ स्थानक १,७७५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्याहूनही वर. गाव महागडे आहे. रात्र काढायची तर शेजारच्या पाँत्रेझिनात स्थानकाला लागून यूथ हॉस्टेल आहे. अक्रोड आणि कॅरॅमल भरलेला 'नुसटोर्टे' हा इथला केक. बरेच दिवस टिकतो, घरी नेता येतो. त्याच्या आवरणात अंडे असते.

बर्निना: कुठे उतरायचे

सेंट मॉरिट्झहून गाडी सुटते, त्यामुळे तिथे दहा-पंधरा मिनिटे आधी गेलात तर हवी ती जागा मिळते. पाँत्रेझिनात चढणाऱ्यांना गर्दीत उभे राहावे लागू शकते. पुन्हा उजवी बाजूच. तिरानोपर्यंत एकूण ६१ किलोमीटर, न उतरता अडीच तास.

हा वेळ इतका का लागतो ते कळले तर प्रवासाची गोडी वाढते. या मार्गावर दर हजार मीटरला ७० मीटर चढ आहे, म्हणजे १४ ला १. आपल्या खंडाळ्याच्या घाटात तो ३७ ला १ आहे आणि तिथे कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ २० ला १. बर्निनावर याहूनही उभा चढ आहे आणि तरी मधे दातेरी रूळ नाही, गाडी फक्त चाक आणि रुळाच्या घर्षणावर चढते. वळणे ४५ मीटर त्रिज्येपर्यंत आवळलेली. वेग वाढवायला जागाच नाही.

लहान स्थानकांवर गाडी विनंतीवरूनच थांबते. उतरायचे असेल तर डब्यातले बटण वेळेवर दाबा, चढायचे असेल तर फलाटावरचे. नवख्यांची गाडी किंवा स्थानक चुकते ते याच कारणाने.

पहिला थांबा मोर्तेराच. स्थानकापासून हिमनदीकडे सोपी, रुंद वाट जाते. वाटेवर वर्षांच्या पाट्या लावल्या आहेत: त्या त्या साली हिमनदीचे टोक कुठे होते ते दाखवणाऱ्या. पाटीमागून पाटी मागे पडते आणि बर्फ अजून लांबच असतो. तापमानवाढीवर कितीही वाचले तरी पायांनी मोजलेले हे अंतर वेगळेच उमगते. जाऊन-येऊन दोन तास धरा.

एकाच ठिकाणी उतरायला वेळ असेल तर ओस्पित्सिओ बर्निनाला उतरा. हा मार्गाचा माथा. समोर लागो बिआंको, म्हणजे पांढरे तळे. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठीमुळे पाणी दुधाळ दिसते. त्याच्या अलीकडे छोटे लेय नाइर, काळे तळे. दोघांच्या मधून युरोपचा जलविभाजक जातो. काळ्या तळ्याचे पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला, पांढऱ्याचे आड्डा आणि पो नद्यांतून एड्रियाटिकला. सह्याद्रीच्या माथ्यावर एक ओहोळ अरबी समुद्राकडे आणि दुसरा बंगालच्या उपसागराकडे वळतो, तसेच हे.

इथून तळ्याच्या काठाने आल्प ग्र्युमपर्यंत चालत जा. दीड ते दोन तास, वाट जवळजवळ सपाट आणि शेवटी उतरती, खुणांच्या पिवळ्या पाट्या सगळीकडे. दहा वर्षांचे मूल किंवा रोज फिरायला जाणारे आजी-आजोबा सहज चालतात. अडचण फक्त हवेची: ढग खाली आले, मेघगर्जना ऐकू आली तर चालायला निघू नका, तळ्याकाठी आडोसा नाही. पुढची गाडी तासाभरात येतेच.

आल्प ग्र्युम २,०९१ मीटरवर आहे आणि तिथे रेल्वेनेच किंवा पायीच पोहोचता येते, गाडीरस्ता नाही. स्थानकातच उपाहारगृह आहे. समोर पाल्यु हिमनदी आणि खाली पोस्कियाव्होचे खोरे, एका नजरेत. पायांत अजून बळ असेल तर जंगलातून खाली कावालियापर्यंत उतरा, तासाभराहून थोडे जास्त. चारशे मीटरचा उतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीच धरावी. कावालियात हिमनदीखालून वाहणाऱ्या पाण्याने कोरलेले रांजणखळगे आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रात ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना आकार लगेच ओळखीचा वाटेल. तिथे नदीने केले, इथे बर्फाच्या ओझ्याखाली पिळून निघालेल्या प्रवाहाने.

पोस्कियाव्होपासून भाषा इटालियन होते. ले प्रेझे गावात गाडी चक्क रस्त्यावरून, मोटारींच्या बरोबरीने जाते. मग डाव्या हाताला तळे लागते, एवढ्यापुरती डावी बाजू बरी. पुढे ब्रूझिओचा गोल पूल: नऊ कमानींवरून गाडी पूर्ण वर्तुळ घेत स्वतःच्याच रुळांखालून निघते. उताराचे प्रमाण सात टक्क्यांवर, म्हणजे हजार मीटरला ७० मीटरवर, ठेवण्यासाठी रूळ लांबवायला हवे होते आणि इथे डोंगरात शिरायला जागा नव्हती, म्हणून हे वर्तुळ उघड्यावर बांधले. उजवीकडून गाडीचा पुढचा भाग वळताना दिसतो. शेवटच्या डब्यात बसलात तर सगळी गाडी फोटोत येते. खिडकीतून हात किंवा डोके बाहेर काढू नका, खांब फार जवळून जातात. काच बंद असेल तर मोबाइल काचेला टेकवून धरा आणि गडद कपडे घाला, मग प्रतिबिंब पडत नाही.

तिरानो आणि पुढे

तिरानोत शिरताना गाडी बॅसिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, समोरच्या चौकातून जाते. स्विस स्थानकातून बाहेर पडताना कस्टमवाले कधी कधी पासपोर्ट पाहतात, तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका. स्विस स्थानकाबाहेरच्या चौकातच इटालियन स्थानक, दोन मिनिटांवर. इथून फ्रँक संपले, युरो सुरू.

जेवायला तासभर ठेवा. या वाल्तेल्लिना खोऱ्याचा पदार्थ म्हणजे पिझ्झोकेरी: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लसणाचे लोणी आणि भरपूर चीज. मांस नसते, पण चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातले दूध गोठवणारे द्रव्य, असू शकते. काटेकोर शाकाहारींनी विचारून घ्यावे. इटालियन हॉटेलांची स्वयंपाकघरे दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातनंतर उघडतात. तीन वाजता पोहोचलात तर फक्त सँडविच आणि आइस्क्रीम मिळेल, हे धरूनच सकाळची गाडी ठरवा.

मिलानची गाडी अडीच तासांची. कागदी तिकीट घेतले तर फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारल्याशिवाय चढू नका, नाहीतर दंड होतो. उन्हाळ्यात या मार्गावर रुळांची कामे निघतात आणि काही भागांत बदली बस चालते. बसला वेळ जास्त लागतो. आदल्या रात्री ट्रेनॉर्ड कंपनीच्या ॲपवर तपासा, आणि मिलानहून त्याच रात्रीचे विमान किंवा आरक्षित वेगवान गाडी मुळीच ठेवू नका.

कोलिकोनंतर उजवीकडे कोमो सरोवर सुरू होते आणि लेक्कोपर्यंत अधूनमधून बोगद्यांआडून दिसत राहते. मुक्काम मिलानलाच हवा असे नसेल तर वारेन्ना-एझिनो स्थानकावर उतरा. धक्का चालत दहा मिनिटांवर आहे, तिथून बेल्लाजोची बोट पंधरा-वीस मिनिटांत पोहोचवते. जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, शेवटच्या बोटीची वेळ मात्र धक्क्यावरच्या फळ्यावर आधी पाहून घ्या.